हिशेबाचा काटा घरच्यांच्या हाती द्या

पेरणीच्या तोंडावर कारभारी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडतो आणि घरात सांगतो, "एकरी सोळा हजार सुटतील." त्या भरवशावर कर्ज निघते, मुलीची फी ठरते. हे सोळा हजार कोणत्या भावाने आणि किती उताऱ्याने धरले, हे मात्र बाकीच्यांना कळत नाही. अंदाज हुकला की सोसावे लागते ते साऱ्या घराला.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अंदाज नुसता सांगू नये. तो घरच्यांना हलवून पाहू द्यावा. मोबाईलवर गूगल शीट्ससारखा हिशेबाचा तक्ता फुकट मिळतो. वैयक्तिक संगणकावरचा असा पहिला तक्ता, व्हिजिकॅल्क, १९७९ साली आला. एक आकडा बदलला की पुढचा सारा हिशेब आपोआप बदलतो, ही त्याची खुबी. या तक्त्याच्या दर्शनी भागाला डॅशबोर्ड म्हणतात. ट्रॅक्टरवर बसणाऱ्यापुढे डिझेलचा आणि इंजिनच्या उष्णतेचा काटा असतो, तसाच हा.

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. समजा, एकरी खर्च २०,००० रुपये, उतारा ८ क्विंटल, भाव ४,५०० रुपये. उरतात १६,०००. कर्जाचा हप्ता १२,००० असेल तर तो भागतो. आता उतारा ६ क्विंटल करा. उरतात ७,०००, हप्त्याला ५,००० कमी पडतात. उतारा ५ आणि भाव ४,००० केला तर हाती काहीच उरत नाही. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. तोही घालून पाहावा, पण बाजारात तेवढा मिळेलच असे धरून कर्ज काढू नये.

तक्ता करताना एवढे सांभाळा :

१. बदलायचे रकाने तीनच ठेवा : खर्च, उतारा, भाव. त्यांना पिवळा रंग द्या. सूत्रांचे रकाने कुलूपबंद करा.

२. खाली ठळक अक्षरांत दोनच उत्तरे दाखवा : शिल्लक किती आणि हप्ता भागतो की नाही.

३. खर्चात घरच्या माणसांची मजुरीही धरा. बायाबापड्यांची खुरपणी फुकटची नसते.

४. भाव कोणत्या बाजाराचा, कोणत्या तारखेचा, ते शेजारी लिहा.

५. भावकीत किंवा गटात तक्ता पाठवताना प्रत्येकाला वेगळी प्रत द्या. फक्त पाहण्याची परवानगी दिली तर त्याला आकडे बदलता येत नाहीत. एकाच तक्त्यात सर्वांनी बदल केले तर गोंधळ उडतो. बँकेचा खातेक्रमांक त्यात कधीही लिहू नका.

तक्ता बनवायला कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींना बसवा. मग रात्री जेवणे उरकल्यावर मोबाईल मध्ये ठेवा आणि कारभारणीला विचारा, "वाईटात वाईट साली उतारा किती आला होता?" तो आकडा तिच्याच हाताने घालू द्या. त्यावरही हप्ता भागत असेल तरच कर्जाच्या कागदावर सही करा.