दुकानाचा विमा : पाणी चढण्याआधी दूर करायचे गैरसमज

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरची दुकानं मालासकट बुडाली. 26 जुलै 2005 चा पूर लोक विसरले नव्हते. वर पावसाचे डोंगर, खाली भरतीचं पाणी घेणारी खाडी आणि जवळच खेर्डी व लोटे-परशुरामची औद्योगिक वसाहत, असं हे गाव. इथल्या दुकानाला विमा हवाच. मात्र त्याबद्दलचे गैरसमज पुराइतकंच नुकसान करतात.

'पूर म्हणजे दैवी आपत्ती, कंपनी पैसे देत नाही.' हे चूक आहे. विमा नियामकाने 1 एप्रिल 2021 पासून लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आणली. एका ठिकाणची इमारत, फर्निचर, यंत्रं आणि माल यांचं एकूण मूल्य 5 कोटी रुपयांपर्यंत असेल, तर ही पॉलिसी लागू होते. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड हे सगळं त्यात मुळातच आहे. शेजारच्या कारखान्यातल्या स्फोटाने तुमच्या काचा फुटल्या, तरी ते नुकसान त्यात बसतं. खाऱ्या हवेने चढलेला गंज मात्र बसत नाही, कारण ती हळूहळू होणारी झीज आहे.

'कर्ज देताना बँकेने विमा उतरवलाय.' उतरवला असेल, पण कशाचा? बँकेला काळजी तारण मालाची. फर्निचर, फ्रीज, संगणक, मागच्या गल्लीतलं गोदाम पॉलिसीत लिहिलेलं नसेल, तर त्याचे पैसे मागता येत नाहीत. शिवाय पॉलिसीत बँकेचं नाव असेल, तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो. मालकाने इमारतीचा विमा काढला असला, तरी भाडेकरूचा माल त्यात येत नाही.

'दहा लाखांचा विमा आहे, म्हणजे दहा लाखांपर्यंत सगळं मिळेल.' सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. समजा माल 20 लाखांचा आहे, विमा 10 लाखांचा आणि नुकसान 4 लाखांचं. विमा निम्म्याच मालाचा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे 2 लाखांच्या आसपास मिळते. सूक्ष्म उद्यम पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापलीकडे कात्री लागते. कोकणात तर गणपतीचा माल ऐन पावसात भरला जातो. साठा सर्वांत मोठा असतो तेव्हाच पुराचा धोकाही सर्वांत मोठा. म्हणून रक्कम उन्हाळ्यातल्या मालावर नव्हे, श्रावणातल्या मालावर ठरवा. हिशेब खरेदीच्या किमतीने करा, नफा त्यात धरला जात नाही.

'बिलं भिजली, आता दावा कसला?' कागद गेले तरी नोंदी अनेक ठिकाणी शिल्लक असतात : जीएसटीची विवरणपत्रं, घाऊक व्यापाऱ्यांचे खातेउतारे, बँकेचे व्यवहार, सीएकडचा ताळेबंद. बँकेला दरमहा दिलेलं स्टॉक स्टेटमेंटही नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघतो. जास्त कर्जमर्यादेसाठी त्यात माल फुगवून दाखवला असेल, तर वह्या आणि स्टेटमेंट जुळत नाहीत आणि खरा दावाही संशयात सापडतो. पाणी ओसरताच कंपनीला कळवा. चिखलातला माल बाहेर काढण्याची घाई समजू शकते, पण आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, भिंतीवरची पाण्याची रेषाही टिपा. सर्व्हेअर येईपर्यंत माल परस्पर फेकू किंवा विकू नका. सफाईसाठी हलवावाच लागला, तर कंपनीला लेखी कळवून यादी करा.

चोरीचंही पाहा. पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत त्यामुळे झालेली चोरी सूक्ष्म उद्यम पॉलिसीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफाही मूळ पॉलिसीत नाही.

'सरकार मदत देईलच.' 2021 च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांसाठी जाहीर केलेली मदत कमाल 50 हजार रुपये होती. तेवढ्यात कापडाचं किंवा औषधांचं दुकान पुन्हा उभं राहत नाही.

दावा नाकारला, तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी दाद मागा. तिथे न्याय मिळाला नाही, तर एकल मालकीचे दुकानदार आणि सूक्ष्म उद्योग विमा लोकपालांकडे जाऊ शकतात. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. आणि मृग लागण्याआधी पॉलिसी कपाटातून काढून पत्ता, रक्कम आणि मुदत या तीन नोंदी आजच्या दुकानाशी ताडून पाहा.