फेब्रुवारीतील विजय, जूनमधील कसोटी

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच चाहते आपल्या संघाचे भवितव्य वर्तवू लागतात. ही भाकिते किती फसवी ठरतात, हे मिसिसिपी विद्यापीठाच्या, अर्थात 'ओल मिस'च्या २०२२ मधील संघाने दाखवून दिले. मार्चमध्ये हा संघ राष्ट्रीय क्रमवारीत अव्वल होता. पुढे साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील बलाढ्य संघांशी गाठ पडताच तो गडगडला. मेच्या प्रारंभी तेथील त्याची कामगिरी होती ७ विजय आणि १४ पराभव! ६४ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला कसाबसा प्रवेश मिळाला आणि जूनमध्ये ओमाहा येथे ओक्लाहोमाला नमवून तोच विजेता ठरला.

मग आरंभीच्या सामन्यांत पाहावे तरी काय? धावांचा पाऊस नव्हे. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी बहुधा दुबळे असतात. उत्तरेकडील संघ तर बर्फामुळे मैदानावरील पुरेशा सरावाविनाच दक्षिणेत खेळायला येतात. मालिका साधारणतः शुक्रवार ते रविवार अशी तीन सामन्यांची असते. शुक्रवारी सर्वोत्तम पिचर उतरतो, म्हणून जाणकाराची नजर रविवारच्या पिचरवर असते. तो किती फलंदाजांना फुकटचा बेस बहाल करतो? त्याच्यामागचे राखीव पिचर कितपत भरवशाचे? ओल मिसला सावरले ते हंगामारंभी राखीव असलेल्या डिलन डेलुशियानेच. ओमाहात अर्कान्सासविरुद्धच्या निर्णायक सामन्यात नऊही इनिंग टाकून त्याने एकही धाव दिली नाही.