पेशीचा अँटेना: शरीरातल्या पेशींना प्रवाह आणि धक्का कसा कळतो?

लाखनीच्या बसस्टँडवर बसून तुम्ही व्हिडिओ बघताय. फोन आडवा केला की स्क्रीनही आडवी होते. फोनला कसं कळलं? आत अ‍ॅक्सेलरोमीटरची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिशय बारीक भाग स्प्रिंगवर टांगल्यासारखा असतो. फोन हलला की तो सरकतो आणि त्याचा विद्युत सिग्नल बनतो.

आपल्या बहुतेक पेशींवरही असंच काहीतरी असावं, असं वाटतं. मी या विषयाकडे वळलो ते एका मित्रामुळे. त्याच्या वडिलांच्या सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी दिसल्या. आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी. मित्राचा पहिला प्रश्न, "मलाही होईल का रे?" उत्तर शोधता शोधता मी पेशीच्या 'अँटेना'पर्यंत पोचलो.

हा अँटेना म्हणजे काय?

त्याचं नाव प्रायमरी सिलियम. एका पेशीवर साधारण एकच, केसासारखा, काही मायक्रॉन लांब. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. श्वासनलिकेतले सिलिया वल्ह्यासारखे हलून कफ बाहेर ढकलतात. हा मात्र सहसा स्वतः हलत नाही, नुसता उभा असतो. म्हणून कित्येक वर्षं तो बिनकामाचा समजला गेला.

वाकला की सिग्नल?

आमच्याकडे नहराला पाणी सुटलं की काठचं गवत वाकतं. किती वाकलं त्यावरून पाण्याचा जोर कळतो. किडनीच्या बारीक नळ्यांत लघवी वाहते आणि पेशींचे सिलिया त्या प्रवाहात उभे असतात. 2001 मध्ये प्रेटोरियस आणि स्प्रिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या किडनीच्या पेशींवरचा सिलियम वाकवून पाहिला. पेशीच्या आत कॅल्शियम वाढलं. कॅल्शियम हे पेशीचं नोटिफिकेशन समजा.

2003 मध्ये पुढचा दुवा मिळाला. पॉलिसिस्टिन-1 आणि पॉलिसिस्टिन-2 ही दोन प्रथिनं सिलियमवर असतात, आणि ती प्रवाह ओळखण्यात भाग घेतात असं दिसलं. पॉलिसिस्टिक किडनीच्या बहुतेक रुग्णांत यांच्याच जनुकांत बिघाड असतो. गोष्ट अगदी फिट बसली.

पण थांबा

2016 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने सिलियममध्येच कॅल्शियम मोजणारे उंदीर तयार केले. प्रवाह सोडला, सिलियम वाकला, पण आत कॅल्शियम वाढलं नाही. म्हणजे आधीचं सगळं चूक? तसंही नाही. 2023 मध्ये दोन गटांनी लेझरच्या 'चिमट्याने' झेब्राफिश आणि उंदराच्या भ्रूणातले सिलिया वाकवले. तिथे सिग्नल मिळाला. हृदय डावीकडे बनायचं की उजवीकडे, हे ठरवण्यात त्याचा वाटा आहे. किडनीबद्दलचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

मुंबईतली माशी

आपल्याकडेही सिलियावर काम झालंय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या कृशानू राय यांच्या गटाने अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसोबत 2003 मध्ये फळमाशीवरचं संशोधन छापलं. माशीच्या मिशीत आवाजाचा कंप ओळखणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांच्या टोकाला सिलियम असतो. तो बांधायला लागणारा माल कायनेसिन-2 नावाची मोटर वाहून नेते. मोटर बिघडली की सिलियम बनत नाही आणि माशी बहिरी होते. म्हणजे इथे तरी सिलियमशिवाय यांत्रिक धक्का कळत नाही.

मग मित्राचं काय?

हा आजार बहुतेक वेळा आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के असते. मित्राला मी एवढंच सांगितलं: घाबरू नको, पण डॉक्टरांना विचारून सोनोग्राफी कर आणि बीपी तपासत राहा. बीपी ताब्यात ठेवलं तर किडनी जास्त काळ टिकायला मदत होते. टॉलव्हॅप्टन नावाचं औषध काही रुग्णांत गाठींची वाढ मंदावतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

आणि हो, 'गाठी विरघळवणारा काढा' असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. सिलियम नेमकं काय करतो यावर शास्त्रज्ञच अजून भांडताहेत. फॉरवर्डवाल्याला सगळं कळलंय म्हणे!