बोनसचा आवळा, शिस्तीचा कोहळा

कसबा बावड्यातील घरांत पैसा ठरलेल्या वेळी येतो. दूध संस्थेचे बिल दहा दिवसांनी मिळते, नोकरदाराचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो आणि राजाराम कारखान्याला ऊस घालणाऱ्याचे बिल गळीत हंगामात जमा होते. भिशीचा हप्ताही ठरलेल्या दिवशीच भरावा लागतो. मोबाइलवर येणाऱ्या एका संदेशाला मात्र दिवस-वार नसतो. 'एक हजार रुपये भरा, एक हजार आमच्याकडून भेट', असे सांगणारा हा संदेश परदेशातून चालणाऱ्या एखाद्या ऑनलाइन कॅसिनोचा असतो. पाठवणाऱ्याचा पत्ता कोठेच नसतो. पैसे भरण्याची सोय मात्र तत्काळ असते.

'मी करमणुकीपुरते खेळतो, मर्यादा पाळतो', असे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांतील काही खरोखरच संयमी असतात. प्रश्न असा, की या संयमाला जुगाराच्या गणितात किती स्थान आहे आणि बोनस स्वीकारल्यानंतर त्यातील किती शिल्लक राहते?

घराचा वाटा

जुगार चालवणाऱ्याला नशिबाची गरज नसते. त्याचा वाटा खेळाच्या नियमातच काढून ठेवलेला असतो. महाराष्ट्राच्या परिचयाचे उदाहरण मटक्याचे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर चालणारा आकड्यांचा हा खेळ १९६० च्या दशकात मुंबईत चिठ्ठ्या आणि पत्त्यांवर आला. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला, तर रतन खत्री यांनी १९६४ मध्ये नवा वरळी मटका. शून्य ते नऊ हे दहा आकडे आणि एकेरी आकडा लागल्यास रुपयाला नऊ रुपये, हा त्यातील सर्वसाधारण रिवाज. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जातात आणि नऊ परत येतात. उरलेला एक रुपया घराचा, म्हणजे शेकडा दहा.

कॅसिनोतील रुलेटच्या युरोपीय चाकावर शून्यासह ३७ घरे असतात. प्रत्येक घरावर एक रुपया लावणाऱ्याचे ३७ रुपये जातात आणि मूळ रुपयासह ३६ परत येतात. येथे घराचा वाटा शेकडा २.७ इतका पडतो. स्लॉट मशिनच्या खेळावर 'परतावा ९६ टक्के' असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ घराचा वाटा शेकडा चार.

वाचणाऱ्याची फसगत नेमकी येथे होते. हजार रुपये घेऊन बसलो तर ९६० घेऊन उठू, असे त्याला वाटते. वस्तुतः हे चार टक्के भरलेल्या रकमेवर नसून लावलेल्या प्रत्येक डावावर कापले जातात. दहा रुपयांचा डाव, मिनिटाला दहा डाव, अशा गतीने तासाभरात सहाशे डाव होतात आणि सहा हजारांची उलाढाल होते. तिचे चार टक्के म्हणजे २४० रुपये. करमणुकीचे हे सरासरी ताशी भाडे झाले. एखाद्या दिवशी मनुष्य जिंकून उठतो, एखाद्या दिवशी सारे गमावतो. परंतु उलाढाल वाढत जाईल तसतसा हिशेब या भाड्याच्या जवळ येत जातो.

शिस्त काय करू शकते?

शिस्त घराचा वाटा कमी करू शकत नाही. आज हरलो म्हणून उद्या लागण्याची शक्यता वाढत नाही. चाकाला आणि यंत्राला कालची आठवण नसते. 'हरलो की डाव दुप्पट करायचा' ही पद्धतही उपयोगी पडत नाही. दहा रुपयांपासून दुप्पट करीत गेल्यास सलग सात वेळा हरल्यावर १,२७० रुपये गेलेले असतात आणि आठवा डाव १,२८० रुपयांचा असतो, तोही सारे जमेस धरून केवळ दहा रुपये जिंकण्यासाठी.

शिस्तीच्या हाती दोनच गोष्टी आहेत. किती लावायचे आणि केव्हा उठायचे. ठरलेली रक्कम, ठरलेला वेळ, उसने पैसे न घेणे, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी न बसणे, हे सारे नियम या दोहोंत येतात. त्यांमुळे तोट्याला कुंपण पडते. तोट्याचा नफा होत नाही. म्हणून जुगारात खर्च होणारी रक्कम कुस्तीच्या मैदानाच्या तिकिटाप्रमाणे गेलीच, असे धरून चालणारा मनुष्यच शिस्तीचा म्हणावा. दूध बिलातील पैसे 'गुंतवतो' म्हणणाऱ्याने शिस्तीचा पहिलाच नियम मोडलेला असतो.

बोनसची किंमत

आता त्या 'भेटी'कडे वळू. बोनसची रक्कम खात्यावर दिसते, परंतु ती काढता येत नाही. ती सुटी होण्यासाठी उलाढालीची अट असते. समजा, अट बोनसच्या ३५ पट आहे. हजार रुपयांच्या बोनससाठी ३५ हजारांचे डाव लावावे लागतील. घराचा वाटा शेकडा चार धरला, तर एवढ्या उलाढालीवरचा अपेक्षित तोटा १,४०० रुपये होतो. भेट हजाराची आणि तिची किंमत चौदाशे. अट 'भरणा अधिक बोनस' यांच्या ३५ पट असेल, तर उलाढाल ७० हजारांवर आणि अपेक्षित तोटा २,८०० वर जातो. हातात तर भरणा आणि बोनस मिळून दोनच हजार असतात. साहजिकच अनेकांचे पैसे अट पूर्ण होण्यापूर्वीच संपतात.

बारीक अक्षरांतील इतर अटी याहून महत्त्वाच्या असतात. अट सात किंवा तीस दिवसांत पुरी करावी लागते. एका डावाची कमाल रक्कम ठरलेली असते. ती एकदा जरी ओलांडली तरी जिंकलेले सारे रद्द होऊ शकते. बोनसवर जिंकलेल्या रकमेपैकी किती काढता येईल, यालाही मर्यादा असते. मध्येच स्वतःचे पैसे काढले, तर बोनस आणि त्यावरील जीत दोन्ही जातात.

या अटींचाही एक इतिहास आहे. ऑनलाइन कॅसिनोच्या आरंभीच्या काळात अटी सैल होत्या. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ अचूक पद्धतीने खेळल्यास घराचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. हजाराच्या बोनसला वीसपट अट असेल, तर २० हजारांच्या उलाढालीवर अपेक्षित तोटा शंभर रुपयांचा आणि शिल्लक नऊशेची. हिशेबी खेळाडूंनी हे ओळखून केवळ बोनससाठी खाती उघडली. त्यावर कंपन्यांनी असा नियम आणला, की अशा खेळांतील उलाढाल दहा टक्केच धरली जाईल किंवा मुळीच धरली जाणार नाही. म्हणजे ३५ हजारांची अट ब्लॅकजॅकपुरती साडेतीन लाखांची झाली. शिस्तीने खेळणाऱ्याला बोनसचा लाभ होऊ नये, हा या अटींचा उघड हेतू आहे.

शिस्तीचे खरे बळ उठून जाण्यात असते, हे आपण पाहिले. बोनस नेमके तेच विकत घेतो. जिंकत असताना उठावे, तर अट अपुरी. हरत असताना थांबावे, तर भेट बुडते. मर्यादा ठरवून बसलेला मनुष्य 'आणखी बारा हजारांचीच उलाढाल राहिली' असे म्हणू लागतो. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार परवान्याने चालतो. तेथील जुगार आयोगानेही उलाढालीच्या अटीवर जानेवारी २०२६ पासून बोनसच्या दहापट ही कमाल मर्यादा घातली आहे.

कायदा कोणाच्या बाजूला?

महाराष्ट्रात जुगारास प्रतिबंध करणारा कायदा १८८७ चा आहे. कॅसिनोंना परवाने देण्यासाठी राज्याने १९७६ मध्ये केलेला कायदा कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. शेजारच्या गोव्यात पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवी नदीतील नौकांवर परवान्याने कॅसिनो चालतात. तेथेही प्रवेशशुल्काबरोबर कधी कधी केवळ खेळता येतील, पण रोख करता येणार नाहीत अशा सोंगट्या मिळतात. त्याही एक प्रकारचा बोनसच होत. मात्र मांडवीवरील कॅसिनोतून परतताना दार ओलांडावे लागते, घाट चढावा लागतो. मोबाइलमधील कॅसिनो उशाशी असतो.

संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, चालवण्यास त्याने मनाई केली. चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. देशातील मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच पैशांचे खेळ थांबवले. परदेशातून चालणारी संकेतस्थळे मात्र नाव बदलून पुन्हा प्रकट होतात आणि बोनसचे संदेश आता प्रामुख्याने त्यांचेच असतात.

अशा स्थळाने जिंकलेली रक्कम दिली नाही, तर काय? कसबा बावडा रस्त्यावर जिल्हा न्यायालयाची भव्य इमारत उभी आहे. परंतु भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो आणि जिंकलेल्या पैशासाठी दावा चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाकारले. तो खटला बंगळूरहून चालणाऱ्या आणि मुंबई राज्यात खेळल्या जाणाऱ्या शब्दकोड्याच्या बक्षीस स्पर्धेचा होता. दूर बसून दुसऱ्या राज्यातील लोकांचे पैसे गोळा करण्याची युक्ती नवी नाही, हे त्यावरून दिसते. तात्पर्य, बोनसच्या अटी खेळाडूला बांधतात. समोरच्याला बांधणारे कोणी नसते. भरणा अनोळखी व्यक्तींच्या खात्यांवर करायला सांगितला जातो, तेव्हा तर सावध व्हावेच. आपले बँक खाते अशा व्यवहारासाठी भाड्याने देणारा तरुण पोलीस चौकशीत सापडू शकतो.

थांबता येत नसेल तर

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याची व्यथा सांगणारे अक्षसूक्त आहे. घरच्यांनी दूर लोटलेला तो मनुष्य फाशांचा आवाज आला की पुन्हा तिकडेच धावतो. सूक्त अखेरीस त्याला शेतीकडे वळवते. जागतिक आरोग्य संघटनेने आज जुगाराच्या अनिवार ओढीला विकार म्हणून मान्यता दिली आहे. हरलेली रक्कम घरात लपवणे, ती भरून काढण्यासाठी पुन्हा बसणे, पतसंस्थेचे वा मित्राचे कर्ज त्यासाठी काढणे, ही त्याची ओळखीची लक्षणे. अशा वेळी रागावण्याने किंवा शपथा घालण्याने फारसे साधत नाही. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे, तर फसवणूक झाली असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

हजार रुपयांवर हजार रुपये फुकट, हा संदेश पुन्हा येईलच. तो पुसून टाकण्यापूर्वी कोणाला मोह झाला, तर त्याने एकच प्रश्न विचारावा, 'हे पैसे घेतल्यावर मला केव्हा उठता येईल?' बारीक अक्षरांत त्याचे उत्तर दिलेले असते.