शील मोडल्यानंतर : व्यसनमुक्तीतील कबुली आणि उत्तरदायित्व

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. हे शील आपण प्रत्येक वंदनेत घेतो; परंतु ते मोडले तर कोठे जाऊन सांगावे, याची व्यवस्था आमच्या परिसरातील बहुतेक विहारांत नाही. मग शील मोडलेला उपासक विहारात येणेच सोडतो. पिणे लपून चालू राहते आणि त्याची झळ पत्नीला व मुलांना बसते. वसतिगृहातील मुलांच्या सहवासात ही झळ आम्ही जवळून पाहिली आहे. म्हणून हा विषय येथे मांडीत आहोत.

अमेरिकेतील ॲक्रन या शहरी १९३५ साली बिल विल्सन हे शेअर व्यवसायातील गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक एकत्र आले. दोघेही दारूने पोखरलेले. त्यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ जन्मली. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटाशी संबंध आला होता. दुसऱ्यापुढे पापाची कबुली आणि ज्याचे नुकसान केले त्याला भरपाई, हा त्या गटाचा परिपाठ होता. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या चळवळीच्या ग्रंथातील बारा पायऱ्यांत तो उतरला. पाचव्या पायरीवर व्यसनी माणूस आपल्या अपराधांचे नेमके स्वरूप ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे मान्य करतो. आठव्या पायरीवर दुखावलेल्या माणसांची यादी होते आणि नवव्या पायरीवर भरपाई; मात्र तिच्यातून कोणाला नवी इजा होणार असेल, तर ती टाळावयाची असते.

यातील 'दुसरा माणूस' आणि 'नेमके स्वरूप' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'मी वाईट आहे' असे म्हणणे सोपे असते. 'मजुरीचे पैसे दारूत घालविले आणि मुलीची परीक्षा फी भरली नाही' असे जिवंत माणसाच्या डोळ्यांत पाहून सांगणे कठीण असते.

ईश्वर न मानणाऱ्या आपल्या धम्मात ही वाट अधिक जुनी आहे. विनयानुसार दर पंधरवड्यास उपोसथाला पातिमोक्खाचे पठण होते. तत्पूर्वी भिक्खू आपला दोष सहकारी भिक्खूपुढे उघड करतो. ऐकणारा पापक्षालन करीत नाही. दोष दिसतो का, एवढे विचारतो आणि पुढे संयम राखण्यास सांगतो. वर्षावासाच्या शेवटी पवारणेत प्रत्येक भिक्खू आपल्यातील पाहिलेले, ऐकलेले वा संशयित दोष दाखविण्याची संघाला विनंती करतो. श्रावस्तीच्या पूर्वारामात खुद्द तथागतांनीही संघाला अशीच विचारणा केल्याचे संयुत्त निकाय सांगतो.

शास्त्याने स्वतःला वगळले नाही, याचे मोल मोठे आहे. अमेरिकेतच बौद्ध विचारांवर उभारलेल्या 'रेफ्यूज रिकव्हरी' या व्यसनमुक्ती चळवळीच्या संस्थापकावर २०१८ साली लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. त्यानंतर २०१९ मध्ये अनेक सभासदांनी 'रिकव्हरी धर्म' ही वेगळी संघटना उभी केली. तिच्या सभा सभासदच चालवितात. एका गुरूभोवती ती फिरत नाही. कबुली देणारा स्वतःला उघडा करीत असतो. ऐकणाऱ्याला जाब विचारणारे कोणी नसेल, तर तीच कबुली त्याच्या हातातील शस्त्र बनते.

पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात दोन विश्वासू, निर्व्यसनी माणसे ऐकावयास बसू शकतील. ऐकलेले चव्हाट्यावर नेऊ नये. मात्र घरात मारहाण होत असेल, तर गुप्ततेच्या नावाखाली ती झाकू नये. पत्नीवर क्षमेची सक्ती नको. पुढील पौर्णिमेला 'भरपाई काय केली?' हे विचारले जावे. दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते. म्हणून त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे.

शील घेणाऱ्यांचे आपण स्वागत करतोच. ते मोडून परत आलेल्यालाही बसावयास जागा द्यावी आणि त्याच्याकडून हिशेबही घ्यावा. आमच्या वसतिगृहातील मुले सुट्टीत ज्या घरी परततात, त्या घरांसाठी हे आवश्यक आहे.