सरोवर आणि सागर यांच्या सीमेवरील नगर

स्वीडनच्या राजधानीस ‘उत्तरेचे व्हेनिस’ हे बिरुद बहाल करण्याचा प्रघात प्रवासवर्णनकारांनी पाडून ठेवला आहे. ते उभय नगरांवर अन्याय करणारे आहे, असे माझे मत. कारण व्हेनिस चिखलात रोवलेल्या लाकडी खांबांवर तोललेले असून शतकानुशतके खचत आले आहे, तर स्टॉकहोम कठीण खडकावर बसलेले असून तो खडक हिमयुग सरल्यापासून आजतागायत सतत वर येत आहे. ज्या अवाढव्य हिमस्तराच्या भाराने ही भूमी सहस्रावधी वर्षे दबून राहिली होती, तो वितळून गेल्यावर तिने जी मान वर काढावयास प्रारंभ केला, ती क्रिया अद्याप संपलेली नाही. वर्षाकाठी सुमारे पाच मिलिमीटर या मंद गतीने ती चालूच आहे. आज ज्यास मेलारेन सरोवर म्हणतात तो एके काळी बाल्टिक समुद्राचाच एक लांब फाटा होता, आणि जहाजे त्यातून थेट देशाच्या अंतर्भागात जात. बाराव्या-तेराव्या शतकांच्या सुमारास मुखाशी भूमी इतकी वर आली की सरोवराचे पाणी ओढ घेऊन समुद्राकडे वाहू लागले, जहाजांस तेथे थांबून माल उतरविणे प्राप्त झाले, आणि जेथे माल उतरतो तेथे जकात वसूल करणारा व तटबंदी उभारणारा सत्ताधीश येऊन ठाकतोच. बिर्येर यार्ल हा तो सत्ताधीश. नगराचा पहिला लेखी उल्लेख 1252 सालचा.

चौदा बेटांवर पसरलेले हे सुमारे दहा लाख वस्तीचे शहर पाहावयाचे तर ऑगस्टच्या उत्तरार्धातील एक आठवडा मुक्रर करावा. जूनमधील न मावळणाऱ्या संधिप्रकाशाची कीर्ती मोठी असली, तरी जुलै महिन्यात स्टॉकहोमचा नागरिक स्टॉकहोमात सापडत नाही. तो आपल्या बेटावरील लाकडी घरात जाऊन राहतो, आणि शहर प्रवाशांच्या स्वाधीन होते. ऑगस्टच्या मध्यानंतर शाळा उघडतात, कचेऱ्या भरतात, आणि शहर पुनश्च आपल्या माणसांनी गजबजते. हवा वीस अंशांच्या आसपास असते, सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो, आणि बाजारात रानातील पिवळ्याधमक अळंब्यांच्या व लालभडक लिंगोन फळांच्या राशी लागतात. याच दिवसांत अंगणात कागदी कंदील टांगून, डोक्यास कागदी टोप्या घालून, शेपूच्या तुऱ्यांसह खारवून उकडलेले गोड्या पाण्यातील शेवंडासारखे लाल प्राणी चोखून खाण्याच्या मेजवान्या झडतात. हे प्राणी नामशेष होऊ नयेत म्हणून ऑगस्टपूर्वी ते पकडण्यास कायद्याने मनाई होती. कायदा गेला, प्राणीही आता बहुतांशी परदेशांतून गोठवून येतात, परंतु ऑगस्टचा मुहूर्त मात्र टळलेला नाही.

प्रारंभ अर्थातच गाम्ला स्तान या जुन्या गावठाणापासून करावा. तेथील अरुंद गल्ल्यांपैकी एक तर निमुळती होत जेमतेम नव्वद सेंटिमीटर रुंदीची उरते, आणि समोरून येणाऱ्याशी सौजन्याचा व्यवहार केल्यावाचून ती पार करता येत नाही. मध्यभागी जो चौक आहे, त्याभोवतीच्या गेरू आणि हळदी रंगाच्या उंच घरांची छायाचित्रे काढण्यात प्रवासी दंग असतात. परंतु 1520 सालच्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या दुसऱ्या ख्रिश्चन राजाने राज्याभिषेकाच्या मेजवान्या आटोपताच, अभय दिलेल्या सरदारांना, धर्मगुरूंना आणि नागरिकांना याच ठिकाणी शिरच्छेदासाठी उभे केले होते. बळी पडलेल्यांची संख्या ऐंशी ते शंभर यांच्या दरम्यान मानतात. त्यांपैकी एकाचा पुत्र गुस्ताव वासा याने बंड उभारून 1523 च्या जूनमध्ये विजयी होऊन राजधानीत प्रवेश केला, आणि डेन्मार्कशी असलेले स्वीडनचे संयुक्त राज्य कायमचे मोडले. अभयवचन मोडून राज्य टिकविता येते, हा समज किती पोकळ असतो याचा पुरावा म्हणून त्या चौकास भेट द्यावी.

चौकाच्या एका बाजूस जुन्या शेअर बाजाराची अठराव्या शतकातील देखणी इमारत आहे. वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक जिच्या विचारविनिमयाने ठरते ती स्वीडिश अकादमी तेथेच बसते, आणि तळमजल्यावर नोबेल संग्रहालय आहे. अमर्त्य सेन यांनी दिलेली त्यांची सायकल तेथे ठेवलेली आहे. मुंबईकरास येथे आणखी एका नावापाशी क्षणभर थबकावेसे वाटते. 1907 साली हे पारितोषिक घेण्यास आलेला रड्यार्ड किप्लिंग हा मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला होता. मात्र समारंभाच्या अवघे दोन दिवस आधी राजा दुसरा ऑस्कर निधन पावल्याने सारा थाटमाट रद्द झाला, आणि साम्राज्याच्या त्या शाहिरास आपला सन्मान सुतकी वातावरणातच स्वीकारावा लागला. नियतीचा हा विनोद त्यास कितपत रुचला असेल, कोण जाणे.

लगतचा राजवाडा सहाशेहून अधिक दालनांचा व अतिशय सममित असून, स्पष्टच सांगावयाचे तर कंटाळवाणा आहे. त्याच्या जागी पूर्वी असलेला ‘तीन मुकुट’ नामक किल्ला 1697 साली, अकराव्या कार्ल राजाचे शव आत ठेवलेले असतानाच, अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडला. आगीवर देखरेख ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना दोन रांगांतील सैनिकांचे फटके खात धावण्याची शिक्षा फर्मावण्यात आली. ही हकीकत ध्यानात ठेवावी, कारण जलमार्गाने दहा मिनिटांवर असलेल्या युरगोर्डेन बेटावर याहून मोठ्या एका आपत्तीचा इन्साफ कसा झाला, ते पाहावयास मिळते.

ती आपत्ती म्हणजे वासा हे युद्धनौकांतील महाकाय जहाज. गुस्ताव दुसरा अडोल्फ हा राजा तेव्हा पोलंडशी युद्धात गुंतलेला असून, आपल्या नौदलाचा धाक बाल्टिकभर बसावा म्हणून चौसष्ट तोफा दोन मजल्यांवर वाहून नेणारे हे जहाज त्याने बांधविले. पाण्याखालचा भाग अरुंद, वरचा भाग अवजड, आणि तळाशी घातलेला धोंड्यांचा भार अपुरा, असा त्याचा घाट होता. प्रस्थानापूर्वी तीस खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे धावावयास लावून स्थैर्याची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा जहाज इतके डोलू लागले की तिसऱ्या खेपेनंतर नौदलाच्या अधिकाऱ्याने ती परीक्षाच बंद करविली; रणभूमीवरून ताकिदीमागून ताकिदी धाडणाऱ्या राजास ही वार्ता कळविण्याचे धैर्य कोणास झाले नाही. 10 ऑगस्ट 1628 रोजी, हजारो नागरिक किनाऱ्यावर उभे असताना, जहाज जेमतेम तेराशे मीटर गेले, वाऱ्याच्या एका झोतासरशी कलले, उघड्या ठेवलेल्या तोफांच्या झरोक्यांतून पाणी आत घुसले, आणि सुमारे तीस जणांना घेऊन ते बंदरातच बुडाले.

चौकशी नेमली गेली, जबान्या झाल्या. कप्तानाने सांगितले की तोफा बांधलेल्या होत्या आणि माणसे मद्य प्यालेली नव्हती. बांधकाम करणाऱ्यांनी सांगितले की मापे खुद्द महाराजांनी मंजूर केलेली होती. मूळ कारागीर तर वर्षापूर्वीच मरण पावला होता. मग दोष कोणाचा, या प्रश्नावर ते ईश्वरासच ठाऊक अशा आशयाचा जबाब दप्तरी नोंदला गेला, आणि प्रकरण कोणासही सजा न होता मिटले. किल्ल्याचे पहारेकरी गरीब होते म्हणून फटके खाते झाले. येथे मात्र दोषाचा माग काढीत गेले असता तो सिंहासनापर्यंत पोहोचत होता.

पुढील तीनशे तेहेतीस वर्षे ते जहाज चिखलात रुतून राहिले आणि टिकले, याचे श्रेय बाल्टिकच्या निमखाऱ्या, थंड पाण्यास द्यावयाचे. लाकूड पोखरणारी समुद्री कीड या पाण्यात जगू शकत नाही. आंदेर्स फ्रान्सेन नामक संशोधकाने वर्षानुवर्षे गळ टाकून तळ चाचपला, 1956 साली ओकचा काळा तुकडा त्याच्या हाती लागला, पाणबुड्यांनी गाळाच्या अंधारात जहाजाखालून सहा बोगदे खणून लोखंडी दोर ओवले, आणि 24 एप्रिल 1961 रोजी ते पुनश्च सूर्यप्रकाशात आले. सुकून तडकू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे एका मेणासारख्या रसायनाचा फवारा चालू ठेवावा लागला. आणि अलीकडे लाकडात मुरलेल्या गंधकापासून आम्ल तयार होऊ लागल्याने व गंजलेले खिळे ती क्रिया वाढवू लागल्याने हजारो खिळे बदलण्यात आले. 1990 पासून ते स्वतःसाठीच बांधलेल्या संग्रहालयात उभे आहे. विजयस्तंभ उभारणारी नगरे पुष्कळ आहेत. आपल्या सर्वांत महाग फजितीला एवढ्या ममतेने जपणारे नगर मला तरी दुसरे ठाऊक नाही. त्या मंद उजेडाच्या दालनात निदान अर्धा दिवस काढावा.

याच बेटावर आर्तुर हासेलियुस याने 1891 मध्ये स्कानसेन हे जगातील आद्य खुल्या संग्रहालयांपैकी एक स्थापन केले. कारखानदारीच्या लोंढ्यात खेडी वाहून जात आहेत हे पाहून त्याने देशभरातून शेतघरे, पवनचक्क्या, देवळे मोडून आणून येथे जशीच्या तशी पुन्हा उभी केली. पण जतनाची ही वृत्ती या शहरात अखंड नांदली असे मानू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या झळीतून सुखरूप वाचलेल्या या राजधानीने 1950 व 1960 च्या दशकांत आपल्या क्लारा या मध्यवर्ती भागातील शेकडो जुन्या इमारती स्वतःच्या हाताने जमीनदोस्त केल्या. आणि तेथे काचेचे पाच एकसारखे मनोरे आणि काळ्या-पांढऱ्या त्रिकोणी फरश्यांचा एक खोलगट चौक उभा केला. ज्या शहराचा बाँबहल्ल्यांनी विध्वंस केला नाही, त्याने ती उणीव नगररचनाकारांकरवी भरून काढली, असे म्हणण्याचा मोह होतो.

प्रतिक्रिया 1971 सालच्या मे महिन्यात उमटली. भुयारी रेल्वेच्या एका प्रवेशद्वाराकरिता राजोद्यानातील जुने एल्म वृक्ष तोडण्याचा ठराव झाला होता. रात्री करवती घेऊन मजूर आले, तेव्हा नागरिकांनी कुंपण मोडले, झाडांवर चढून मुक्काम ठोकला, आणि पोलिसांस न जुमानता ते तेथेच राहिले. अखेरीस नगरपालिकेने माघार घेतली आणि प्रवेशद्वार अन्यत्र हलविले. करवतीच्या काही जखमा अंगावर बाळगून वृक्ष उभे राहिले, आणि त्यांच्या छायेत आजही चहापानगृह चालते. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक पहिली परिषद याच शहरात भरली, आणि इंदिरा गांधींनी दारिद्र्य व पर्यावरण यांच्या संबंधावर केलेले गाजलेले भाषण तेथलेच.

भुयारी रेल्वे हीच प्रेक्षणीय वस्तू आहे, हे अन्यत्र सांगितले तर अतिशयोक्ती ठरेल. येथे शंभर स्थानकांपैकी नव्वदांहून अधिक ठिकाणी चित्रे, शिल्पे वा कोरीव काम आहे. निळ्या मार्गावर तर सुरुंगाने फोडलेला खडक तसाच ठेवून त्यावर रंग चढविला असल्याने, आपण एखाद्या रंगविलेल्या लेण्यात उतरत आहोत असा भास वेरूळ-अजिंठ्याच्या वाटा तुडविलेल्या मराठी माणसास हटकून होतो. तिकिटाचे पैसे बहुतेक ठिकाणी रोख देता येत नाहीत. पुष्कळ दुकानांतही नोटा स्वीकारीत नाहीत, तेव्हा कार्ड जवळ असणे अगत्याचे.

नगरसभागृहाचे नाव आधीच सर्वतोमुखी असल्याने त्याविषयी थोडक्यातच सांगतो. रागनार ओस्टबेर्ग या स्थापत्यविशारदाचे हे ऐंशी लक्ष विटांचे काम 1923 मध्ये पुरे झाले; नोबेल मेजवानीचे निळे दालन निळे नाही, कारण उघड्या तांबड्या विटांचे रूप पाहून त्याने गिलाव्याचा बेत रहित केला; सुवर्णदालनात काच-सोन्याचे एक कोटी ऐंशी लक्ष तुकडे आहेत, आणि ते मला अंमळ भडक वाटले. त्यापेक्षा सरोवराकाठची मागील बाग बरी. संध्याकाळी कचेरीतून सुटलेली माणसे पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडतात, आणि जवळच्या बेटांवर तर, थेट राजधानीच्या मध्यात, पोहण्यास उतरतात. लोंगहोल्मेन येथे 1975 पर्यंत तुरुंग होता. आता त्याच्या भिंतींखालच्या वाळूत पोरे खेळतात.

हे पाणी स्वच्छ राहणे हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. मेलारेन हाच सुमारे वीस लक्ष लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा साठा असून, त्याची पातळी समुद्राहून सरासरी पाऊण मीटरच वर आहे. जुन्या गावठाणाच्या दक्षिणेस स्लुसेन येथे, जेथे क्रिस्तीना राणीच्या काळी, 1642 मध्ये, पहिला जलपाश तयार झाला, तेथे सरोवर आणि सागर यांच्यामधील दरवाजे आहेत. आणि सांप्रत तेथे प्रचंड नवे बांधकाम झाले आहे. अतिवृष्टीत सरोवराचे जादा पाणी समुद्रात लवकर सोडता यावे आणि चढत्या समुद्राचे खारे पाणी आत येऊ नये, हा त्यातील हेतू. त्याच्या आराखड्यावरून शहरात दशकानुदशके वाद झाले, योजना आल्या आणि बारगळल्या. तोवर भूमी वर येण्याचा जो लाभ निसर्गाने दिला होता, तो जागतिक तापमानवाढीने चढणारा समुद्र जवळजवळ फस्त करू लागला आहे. पूर्वी येथे खडक शर्यत जिंकीत होता. पुढील शतकात तो हरेल, असा धोका गृहीत धरूनच हे दरवाजे बांधले आहेत.

आठवड्यातील एक संपूर्ण दिवस द्वीपसमूहासाठी राखून ठेवावा. शहराच्या पूर्वेस सुमारे तीस हजार बेटे, बेटुकल्या आणि खडक पसरले असून, पांढऱ्या बोटी राजवाड्यासमोरील धक्क्यावरूनच सुटतात. वाक्सहोल्म तासाभराच्या अंतरावर आहे. ज्यास सवड असेल त्याने त्याहून पुढे जावे, जेथे पाइन वृक्ष विरळ होत जातात आणि हिमस्तराने घासून गुळगुळीत केलेले तांबूस खडक पाण्यातून पाठ वर काढतात. परक्याच्या रानात हिंडण्याचा आणि तेथील फळे-अळंबी गोळा करण्याचा हक्क या देशात प्रत्येकास आहे. अट एवढीच की कोणाच्या घराच्या अंगणात शिरू नये आणि काही नासधूस करू नये. उन्हाळी वेळापत्रक ऑगस्टच्या मध्यानंतर टप्प्याटप्प्याने आटते आणि दूरच्या बेटांवरील फेऱ्या कमी होतात, म्हणून परतीच्या बोटीची वेळ धक्क्यावरच नीट विचारून घ्यावी.