लाटांचा स्कार्फ

पहाटे साडेपाच. जानेवारीत जवळा बाजारला या वेळी बादलीतलं पाणी हाताला चावतं. पऱ्हाट्या पेटवून पाणी तापत ठेवते आणि चुलीपुढे आधी बोटं शेकते. गार बोटांनी विणायला घेतलं की टाके आवळतात, आणि जाळीच्या विणीत आवळलेली ओळ नंतर कितीही ताणली तरी उठून दिसतेच.

सहा ते नऊ भाकरी, डबे, झाडलोट.

नऊ. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया रस्त्यानं निघतात. "काय करायलीस? झाला का मफलर?" असं कुणीतरी विचारतंच. मी ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बसते. सुया आठ नंबरच्या, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या. लोकर हळदीच्या रंगाची, ॲक्रिलिकची. घोंगडी विणतात ती दख्खनी मेंढीची लोकर थंडीला भारी, पण जाड आणि राठ, गळ्याला टोचते. हिंगोलीच्या एका बाईंनी लेकीसाठी हा स्कार्फ सांगितला आहे. लेक पुण्यात शिकते, सकाळी गाडीवरून कॉलेजला जाते. तिला धुवायला सोपं हवं.

सुईवर साठ टाके आहेत. दोन्ही काठांना तीन-तीन, ते कायम सुलट. मधल्या चोपन्नमध्ये अठराची नक्षी तीनदा बसते. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. खरी मौज तिसरीत: तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा लोकर पुढे घेऊन एक सुलट, आणि पुन्हा तीन वेळा दोन-दोन एकत्र. सहा टाके कमी झाले, सहा नवे आले, अठराचे अठरा राहिले. चौथी ओळ मागच्या बाजूनं असली तरी सुलटच विणायची. तिनं पुढच्या बाजूला बारीक वरंबा उठतो. जिथं टाके एकत्र केले तिथं वीण खाली खेचली जाते, जिथं वाढवले तिथं पसरते, आणि सरळ सुयांवर वळणदार लाट तयार होते. एवढी वर्षं विणते आहे, तरी तिसरी ओळ संपून लाट दिसली की मला आनंद होतो.

अकरा ते एक पुन्हा घर. आत्याबाईंच्या गोळ्या, जेवणं, भांडी.

दीड. दुपारचे हे तीन तास माझे. शेजारची नववीतली मुलगी शाळेला सुट्टी असली की सुया घेऊन येते. आज तिच्या तिसऱ्या ओळीत अठराऐवजी सतरा भरले. तिचं लक्ष नसताना एक टाका सुटून चार ओळी खाली गेला होता. साधी वीण असती तर क्रोशाच्या सुईनं शिडीसारखा एकेक धागा उचलत टाका वर आणता आला असता. जाळीत तसं करणं अवघड, कारण वाटेत कुठं घट आहे आणि कुठं वाढ, हे आधी वाचता यावं लागतं. मी तिचं विणकाम उसवायला घेतलं.

"काकू, कामून उसवायलाव? कुणाला दिसणार हाय?"

"तुला दिसंल ना."

मग तिला एक युक्ती दाखवली. दर दहा लाटांनंतर सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून ठेवायचा. पुढं काही बिघडलं तर तेवढ्यापर्यंतच उसवायचं; त्याखालचं शाबूत राहतं.

तिनं विचारलं, ही नक्षी कुणी काढली? नाव कुणाचं सांगणार! पण ठिकाण सांगता येतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड नावाची बेटं आहेत, तिथल्या बायकांच्या शालींमधली ही वीण. त्या बायका नाजूक शाली विणून व्यापाऱ्याकडे नेत आणि व्यापारी रोकड पैशांऐवजी चहा, कापड असा माल हातावर ठेवी. याची सरकारी चौकशी झाली आणि 1872 मध्ये अहवाल निघाला. विणणाऱ्या बायकांच्या जबान्याही तेव्हा नोंदवल्या गेल्या. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण आमचाही हिशेब अजून लागलेला नाही.

साडेपाच. बाया परत येतात. दिवसभर वेचलेला कापूस काट्यावर चढतो आणि किलोवर मजुरी ठरते. दर कमी म्हणून भांडणं होतात, ती व्हायलाच हवीत, पण वजन तरी होतं. विणकामाला काटा नाही. बसल्या बसल्या होतं, असं म्हणून लोक लोकरीचे पैसे देतात आणि वर थोडे ठेवतात. लुधियानाचा यंत्रावरचा स्कार्फ किती स्वस्त मिळतो, तेही ऐकवतात. यंत्राचं खरंच आहे. इंग्लंडमध्ये विल्यम ली यानं 1589 मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं, तेव्हापासून हाताच्या सुया त्याच्या वेगाशी झुंजत आहेत. पण हातानं विणलेलं मागायचं आणि भाव यंत्राचा लावायचा, हे मला मान्य नाही.

रात्री साडेआठ. जेवणं उरकून दिव्याखाली बसते. आज दोन वीत वाढ झाली. हिंगोलीच्या बाईंचा फोन येतो. त्यांना आणखी एक हवा आहे, धाकटीसाठी, निळ्या रंगात. "मजुरी किती घ्याल?" त्या विचारतात.

मी वही उघडते. एका लाटेला चार ओळी, म्हणजे 240 टाके. बसता हात असला तर दहा मिनिटं. दीड मीटरला शंभरावर लाटा. टाके पंचवीस हजार, तास सतरा-अठरा, म्हणजे आठ तासांचे दोन दिवस आणि वर थोडं. हे सगळं मी त्यांना सावकाश वाचून दाखवते, आणि मग शेतातल्या दोन दिवसांच्या रोजाएवढी मजुरी सांगते. लोकर वेगळी.

त्या जरा थांबतात. मग म्हणतात, "इतके तास लागतात हे माहीत नव्हतं हो. निळी लोकर तुम्हीच आणा, पैसे आधी पाठवते."

साडेनऊपर्यंत आणखी सहा लाटा होतात. दहावी लाट पुरी झाली म्हणून पांढरा दोरा ओवते आणि सुयांच्या टोकांना रबर लावून पिशवी खुंटीला अडकवते.